एक फेब्रुवारीच्या भाषणांबद्दल : आमच्या भागातल्या शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
सिंदेवाही तालुक्यातल्या आणि आजूबाजूच्या शाळांचे मुख्याध्यापक, सर आणि मॅडम यांस,

सप्रेम नमस्कार.

कल्पना चावलावरची भाषणं यंदा तरी बदला, एवढं मागायला हे पत्र लिहीत आहे.

जानेवारी लागला की आपल्याकडच्या शाळांत वक्तृत्व स्पर्धांची रांग लागते. सावित्रीबाई, जिजाऊ, विवेकानंद, आणि महिना संपता संपता कल्पना चावला. माझ्या मुलीला गेल्या वर्षी तोच विषय आला. पाठ करायला मिळालेल्या कागदावर तिचं गाव कर्नाल होतं, स्वप्न होतं, जिद्द होती, शेवटी ‘ती ताऱ्यांत विलीन झाली’ असं होतं. यान कशामुळे तुटलं याबद्दल एक ओळही नव्हती. मुलीनं हातवारे करून भाषण छान केलं, प्रमाणपत्र आणलं. मी विचारलं, बाळा, अपघात झाला कसा? म्हणाली, ते नव्हतं दिलं.

मी आशा सेविका आहे. शिक्षण बारावी, तेही कलाशाखेतून. तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्यांना मी शिकवावं असा माझा अधिकार नाही. पण हा अपघात माझ्या डोक्यातून कधी गेला नाही, आणि त्यातलं मला जे कळलं ते पोरांना कळायलाच हवं अशी माझी पक्की खात्री आहे.

१ फेब्रुवारी २००३ हा शनिवार होता. मी नववीत होते. गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, होता, आणि पटाच्या रात्री नाटक असणारच, हे झाडीपट्टीतल्या माणसाला काय सांगायचं. वडशाची नाटक कंपनी आली होती. मंडपात बायकांच्या बाजूला तणसावर चादर टाकून आजी, आई, आत्या आणि मी. दुसऱ्या अंकानंतर पडदा पडला आणि माईकवर बक्षिसं सुरू झाली. अमक्याकडून एकावन्न रुपये, तमक्याकडून एकवीस. त्याच आवाजात, त्याच चालीत माईकवाल्या काकांनी सांगितलं की कल्पना चावलाचं यान कोसळलं, सातही जण गेले, टीव्हीवर दाखवून राहिले.

आजीनं विचारलं, “कोनाची पोरगी होय थे?”

आई म्हणाली, हरियाणाची.

“माय असंल ना तिची?”

मग घंटा झाली आणि तिसरा अंक सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी लाईन होती तेवढा वेळ ज्यांच्या घरी रंगीत टीव्ही होता त्यांच्या ओसरीत निम्मं गाव बसलं. निळ्या आकाशात एक पांढरी रेघ सरकत होती, तिच्या दोन झाल्या, मग पाच-सहा. तेच चित्र पुन्हा पुन्हा. अमेरिकेतल्या टेक्सासवर ते यान तुटलं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजत होते. सोळा मिनिटांत ते फ्लोरिडात उतरायचं होतं. सोमवारी परिपाठाला आम्ही मौन पाळलं. आमच्या वर्गातल्या एका पोट्ट्यानं उभं राहून विचारलं, की १९९७ साली ती ह्याच कोलंबिया यानातून गेली होती ना, तेव्हा तर बरोबर परत आली, मग या वेळी काहून जळलं? सर म्हणाले, नशीब असतं बेटा. सरांना मी बोल लावत नाही. त्यांच्याकडे आदल्या दिवशीच्या पेपरापलीकडे होतंच काय? पण तो प्रश्न बरोबर होता, आणि वर्गातल्या कुणालाही त्याचं उत्तर पुढं कधी मिळालं नाही.

त्याच आठवड्यात, ५ फेब्रुवारीला, पंतप्रधान वाजपेयींनी आपल्या हवामान उपग्रहाला तिचं नाव दिलं. सप्टेंबर २००२ मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेला मेटसॅट, त्याचा कल्पना-१ झाला. आमच्या बाबांना ते फार आवडलं. रोवणीच्या दिवसांत बातम्यांत ढगांचं चित्र आलं की म्हणायचे, “काय म्हणते कल्पना, पानी येते का नाही?” पुढं कितीतरी वर्षं तो उपग्रह ढग दाखवत राहिला. हे मात्र भाषणाच्या कागदांत कधी दिसलं नाही. धानाच्या मुलखात पहिल्यांदा हेच सांगायला पाहिजे असं मला वाटतं.

आता त्या पोट्ट्याच्या प्रश्नाचं उत्तर.

यान १६ जानेवारीला उडालं. साधारण ८२व्या सेकंदाला बाहेरच्या मोठ्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा निसटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. वजन पाऊण किलोच्या आसपास. दुसऱ्या दिवशी चित्रीकरण तपासताना तो दिसला. म्हणजे अपघाताचं कारण पंधरा दिवस आधीच नासाच्या, म्हणजे अमेरिकेच्या अवकाश संस्थेच्या, माणसांच्या डोळ्यांसमोर होतं. काही अभियंत्यांना चैन पडेना. त्यांनी म्हटलं, सैन्याच्या उपग्रहांकडून, दुर्बिणींकडून पंखाचा फोटो काढून घ्या, काय झालं ते बघू तरी. ही मागणी वेगवेगळ्या वाटांनी वर गेली. वर विचारणा झाली, की ही गरज नेमकी कुणाची आहे, रीतसर मागणी कुणी केली? रीतसर कुणीच केली नव्हती, म्हणून ती मागे घेतली गेली. फोटो निघाला नाही. २३ जानेवारीला यानात निरोप गेला की फोम लागला आहे खरा, पण परतीच्या प्रवासात काळजीचं कारण नाही.

काळजी का नाही, तर फोम याआधीही निसटला होता. तीन महिन्यांपूर्वीच, ऑक्टोबर २००२ च्या उड्डाणात, टाकीच्या त्याच जागेवरून. तेव्हा काही झालं नाही. मग ती दुरुस्तीच्या यादीतली एक नेहमीची बाब होऊन बसली.

एवढ्या हलक्या तुकड्यानं पंख फुटतो का, हा तुमच्याही मनात आलेला प्रश्न असेल. नववीच्या पुस्तकात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आहे. तुकडा हवेत मागं पडला, यान पुढं धावत होतं, टक्कर ताशी ८०० किलोमीटरहून जास्त वेगानं झाली. ८०० च धरा, वस्तुमान पाऊण किलो धरा आणि पोरांना फळ्यावर मांडायला लावा: साडेअठरा हजार ज्यूल. धानाचं ५० किलोचं पोतं ३८ मीटरवरून पडलं तर जेवढी ऊर्जा, तेवढी. ७ जुलै २००३ ला टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत तसाच फोमचा तुकडा तोफेसारख्या नळीतून खऱ्या पंखाच्या भागावर मारला, तर सुमारे ४० सेंटिमीटरचं भोक पडलं. बघायला उभी असलेली माणसं अवाक झाली म्हणतात.

परत येताना यानाभोवतीची हवा हजार-दीड हजार अंशांच्या वर तापते. पंखाच्या कडेचं कवच त्यासाठीच असतं. १९९७ ला ते कवच शाबूत होतं. २००३ ला त्याला भोक होतं, त्यातून ती आग आत शिरली आणि पंख आतून वितळला. तेच यान, तीच हवा, तीच बाई.

ऑगस्टमध्ये चौकशी मंडळाचा अहवाल आला. ॲडमिरल गेहमन त्याचे प्रमुख होते. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की अपघाताला फोम जितका कारणीभूत, तितकीच नासाच्या आत काम करण्याची रीतही. पंखाला भोक आहे हे वेळेत कळलं असतं तर अटलांटिस हे दुसरं यान घाईनं तयार करून सातजणांना आणता आलं असतं का, हेही मंडळानं तपासून घेतलं. अवघड होतं, पण अशक्य नव्हतं. १९८६ ला नासाचं चॅलेंजर हे यान फुटलं तेव्हाही थंडीत रबरी कड्या दगा देतील असं खालचे अभियंते आदल्या रात्री सांगत होते. सॅली राईड, अवकाशात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री, दोन्ही चौकश्यांत बसली होती. सतरा वर्षांनी तिला तोच प्रकार पुन्हा वाचावा लागला. स्त्रीशक्तीवर भाषण हवं असेल तर तिच्यावरही ठेवा.

हे सगळं मी मोबाईलवर रात्री-रात्री वाचलं तेव्हा मला त्यातलं यानाचं सगळं नवीन होतं, माणसांचं काहीच नवीन नव्हतं. आमच्या गावात नाल्याकाठच्या बोअरला पावसाळ्यात वास यायचा. मी तो कागदावर लिहून वर द्यायची. उत्तर ठरलेलं: “दरसाली असंच राहते, झालं का आजवर काही?” एका श्रावणात झालं. हगवणीनं घराघरात माणसं पडली, शाळेच्याच खोलीत सलाईनच्या बाटल्या टांगल्या. कुणी दगावलं नाही, थोडक्यात निभावलं. त्यानंतर पाण्याचा नमुना गेला, बोअर बंद झाली. कुणाचं नाव घेऊन भांडायला मी इथं आलेले नाही. पण नासाच्या ह्यूस्टनमधल्या एसीच्या खोलीत, पीएचडी झालेल्या माणसांमध्ये, तेच वाक्य इंग्रजीतून बोललं गेलं आणि सात माणसं गेली. हे मला आपल्या पोरांना सांगावंसं वाटतं. कारण यांच्यातलं एखादं पोट्टं उद्या लाईनमन होईल, एखादी नर्स होईल, एखादा वनमजूर होईल. खालून वर काही सांगायची पाळी यांच्यावर येणारच आहे. अवकाशात जायची पाळी क्वचित.

तुम्ही म्हणाल, लहान मुलांना प्रेरणा द्यायची असते, अपघाताची चिरफाड कशाला? मला यात एक अडचण दिसते. आपण तिला इतकं फुलांनी झाकलं की ती कामाची बाई होती हेच दिसेना. १९९७ च्या पहिल्या उड्डाणात स्पार्टन नावाचा एक छोटा उपग्रह तिनं यंत्रहातानं बाहेर सोडला आणि तो बिघडला. दोन सहकाऱ्यांना यानाबाहेर जाऊन तो हातांनी पकडावा लागला. सुरुवातीला सगळ्यांची बोटं तिच्याकडे वळली. नंतर तपासात निघालं की चूक संगणक प्रणालीच्या मांडणीत आणि यान-जमीन यांच्यातल्या कामाच्या पद्धतीत होती. ती दोषमुक्त झाली आणि पुन्हा उडायला निवडली गेली. आठवीतल्या मुलीला ताऱ्यांपेक्षा ह्या गोष्टीनं जास्त बळ येईल. आपल्यावर आळ आला की काम सोडून घरी बसायचं, असं तिला आजूबाजूला रोज दिसत असतं.

आणि त्या यानात काय काय होतं ते तरी सांगा. ऑस्ट्रेलियातल्या शाळेच्या पोरांचे कोळी, जपानच्या पोरांचे मासे, अमेरिकेतल्या पोरांच्या मुंग्या. चीनमधल्या शाळकरी मुलांचे रेशीमकिडे होते. आपल्याकडं ऐनाच्या झाडावर कोसा वाढवणाऱ्या घरातली मुलं तुमच्या वर्गात बसतात. वजन नसेल तर किडा कोष कसा विणेल, हा प्रश्न त्यांना विचारून बघा, मग तास संपणार नाही. आणखी एक. अवशेषांत सापडलेल्या डब्यांत बारीक जंत काही महिन्यांनी जिवंत निघाले. यावर आमची मुलगी म्हणाली, “अयाई!”

आता आपल्या तालुक्यातल्या लाडबोरी गावाकडे येते, कारण हे पत्र लिहायचं खरं बळ मला तिथून आलं.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. तोही शनिवार, वेळही संध्याकाळी पावणेआठची. यात काही अर्थ काढू नका, योगायोग आहे. आम्ही अंगणात होतो. आकाशात लालपिवळ्या रेघा हळूहळू सरकत गेल्या, उल्केसारख्या पटकन नाही, आणि सरकता सरकता त्यांचे तुकडे पडत होते. गल्लीतले लोक मिसाईल म्हणाले, कुणी विमान म्हणालं. मला एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या ओसरीतला टीव्ही दिसला. मी हे चित्र आधी पाहिलेलं होतं. थोड्या वेळात फोन सुरू झाले की लाडबोरीत मोकळ्या जागेत मोठी लोखंडी रिंग पडली आहे. दोन-तीन मीटर व्यासाची, चाळीस किलोच्या वर. रात्री वाघाच्या भीतीनं जे लोक नाल्याकडं जात नाहीत ते बॅटऱ्या घेऊन बघायला निघाले. पुढच्या दिवसांत मोहफुलं वेचायच्या वेळीच आसपासच्या शिवारांत गोळे सापडत गेले, काळपट, अर्ध्या मीटरच्या आसपास.

अभ्यासकांनी मेळ घातला तो असा: फेब्रुवारी २०२१ मध्ये चीननं सोडलेल्या चँग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा. काम झाल्यावर तो लांबट कक्षेत फिरत राहिला. दर फेरीत पृथ्वीच्या जवळ आला की विरळ हवेत थोडा अडायचा, थोडा खाली यायचा. वर्षभरानं पुरता खाली आला. गोळे म्हणजे दाबाखालचा वायू साठवायच्या टाक्या. इस्रोचे लोक येऊन पाहून गेले. गावातल्या लोकांचा पहिला प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटला: घरावर पडली असती तर पैसे कोण देणार? वाघानं बैल मारला तर पंचनामा होतो, तसा याचा होतो का? उत्तर आहे. १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, जमिनीवरच्या नुकसानीची भरपाई सोडणाऱ्या देशानं द्यायची. त्या दिवशी हे सांगणारं गावात कुणी नव्हतं.

आणि हात लावू नका, हे सांगणारंही सुरुवातीला कुणी नव्हतं. पोट्टे रिंगीवर बसून सेल्फी काढत होते. टेक्सासमध्ये २००३ ला पहिल्याच तासांत सूचना गेली होती की तुकड्यांना हात लावू नका, विषारी इंधन असू शकतं. तिकडं खेड्यापाड्यांतली हजारो माणसं रानात रांगा धरून चालली. ८० हजारांवर तुकडे गोळा झाले, तरी यानाच्या वजनाच्या ३८ टक्केच भरले. खाली कुणाला इजा झाली नाही. शोधकाम करणारं एक हेलिकॉप्टर मात्र कोसळलं आणि त्यात दोघे गेले. हेम्फिल नावाचं एक छोटं गाव आहे, तिथल्या लोकांनी आलेल्या माणसांना दिवसेंदिवस जेवू घातलं. आता त्या गावात कोलंबियाचं छोटं संग्रहालय आहे. यानाचे तुकडे नासानं फ्लोरिडात जपून ठेवलेत, अभ्यासाला देतात. चॅलेंजरचे मात्र आधी जमिनीखाली बंद करून टाकले होते. तेवढा फरक दुसऱ्या अपघातानं केला.

संग्रहालय मी मागत नाही. एवढंच म्हणते की अख्ख्या महाराष्ट्रात आपल्या तालुक्यातल्या पोरांना ‘आकाशातून पडलं’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, त्यांच्या घरातल्यांनी ते पाहिलेलं आहे. मग कल्पना चावला त्यांना ताऱ्यांतून का सांगायची, लाडबोरीच्या रिंगीपासून का नाही?

तर १ फेब्रुवारीला एक तास द्या. भाषण नको, तास. फळ्यावर फोमचं गणित. हवेत वस्तू का जळते ते. कुणी फोटो मागितला आणि तो का मिळाला नाही ते. शेवटी पोरांना एक कागद द्या आणि लिहायला सांगा: आपल्या शाळेत, गावात, रस्त्यावर असं काय आहे ज्याला सगळे ‘दरसाली असंच राहते’ म्हणतात? कागदावर नाव लिहायला लावू नका. आणि ते कागद गठ्ठा बांधून कपाटात टाकू नका, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचा. बैठकीला मी असतेच. पहिलाच कागद मुलींच्या संडासाच्या कडीबद्दल असेल, हे आत्ताच सांगून ठेवते.

जानेवारीच्या शिक्षण परिषदेत हा विषय पंधरा मिनिटं ठेवाल का? मी यायला तयार आहे. एप्रिल २०२२ च्या त्या आठवड्यातली पेपरची कात्रणं माझ्याकडं वहीत चिकटवलेली आहेत, अहवालातलं जे मला समजलं ते मराठीत लिहून काढलेलं आहे. गणित तेवढं कुणीतरी सरांनी तपासून घ्या. मंगळवार सोडून कोणताही वार चालेल. मंगळवारी लसीकरण असतं.

आपली,
एक आशा सेविका आणि पालक
सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर